कुणी न झोपलेल्या चादरी

"वन्सं, खाली या! नगरपालिकेचं पाकीट आलंय!"

वहिनींची हाक जिन्याने दोन मजले चढून गच्चीवर पोचली, तेव्हा आत्याच्या दातांत तीन चिमटे होते आणि डोक्यावर ओली चादर. सहावी. पाच चादरी दोरीवर चढून ऐटीत फडफडत होत्या. आत्याने "उँ" असं उत्तर दिलं. दातांत चिमटे असताना यापेक्षा चांगलं उत्तर जगात कुणालाच देता येत नाही.

"ऐकू आलं का? पा-कीट!"

"आले हो! चादर वाळत घालू की टाकून देऊ?"

"घाला, घाला. खोल्याखोल्यांतून पाहुणे खोळंबलेत ना!"

हा टोमणा होता. लॉजच्या सहा खोल्यांपैकी एकाही खोलीत पाहुणा नव्हता. काल नव्हता, परवा नव्हता, गेल्या महिन्यातही नव्हता. मग या सहा चादरींवर झोपलं कोण होतं?

कुणीच नाही! हीच तर गंमत.

आत्या रोज सकाळी सहा गाद्यांवरच्या सहा स्वच्छ चादरी काढायची, धुवायची आणि गच्चीवर रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर लटकवायची. संध्याकाळी त्या वाळल्या की पुन्हा सहा गाद्यांवर घालायची, चारी कोपरे ताणून, सुरकुतीसुद्धा राहता कामा नये अशा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची. शिवाय दिवेलागणीला कधी दोन नंबरच्या खोलीत, कधी पाच नंबरच्या खोलीत दिवा लावायचा. शिवाय पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पुरुषी बुटांचा एक जोड, जणू कुणी साहेब आत्ताच बाहेरून येऊन आडवे झालेत.

"ते बूट माझ्या नवऱ्याचे आहेत," वहिनी अधूनमधून आठवण करून द्यायच्या. "तिकडे वर बिचारे अनवाणी फिरत असतील."

त्यावर आत्याकडे उत्तर तयार असायचं. कारण ही शिकवणच मुळी त्या बूटवाल्या माणसाची, म्हणजे तिच्या भावाची होती. तो म्हणायचा, रिकाम्या लॉजची पायरी कुणी चढत नाही. गिऱ्हाईक गिऱ्हाइकाला बघून येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. भाऊ जाऊन आठ वर्षं झाली, पण मूठ आत्याने उघडली नव्हती.

ती या लॉजवर आली होती बाविसाव्या वर्षी, चार दिवसांसाठी. वहिनींचं बाळंतपण होतं, भावाला हाताशी माणूस हवं होतं. त्या चार दिवसांची एकतीस वर्षं झाली. बाळ बोलायला लागलं ते "आत्या" म्हणत, आणि मग सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायला लागली. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा! ते बाळ आता दुसऱ्या शहरात नोकरी करत होतं, त्याला टक्कल पडायला लागलं होतं. आणि दर रविवारी फोनवर ते म्हणायचं, "आई, किती दिवस ते रिकामं लॉज सांभाळणार? विकून टाक आणि ये इकडे. एक खोली आहे तुझ्यासाठी."

"आणि आत्या?" वहिनी विचारायच्या.

"आत्याचं बघू ना."

वहिनी फोन ठेवायच्या आणि दोघी मिळून भाजी चिरायच्या. त्या दिवशी भाजी फार बारीक चिरली जायची.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत असं काही नव्हतं. लॉजच्या दारात बस थांबायची. मग शहराला वळसा घालणारा नवा रस्ता झाला, बसस्टँड उचलून तिकडे नेलं, आणि हा जुना रस्ता कुणीतरी झाडून स्वच्छ केल्यासारखा मोकळा झाला. दुकानं होती तिथेच राहिली, माणसं गेली. घरपट्टीचं बिल मात्र वाट चुकलं नाही. ते दरवर्षी बरोबर येत राहिलं, आणि तेही लॉज भरभरून चालत होतं तेव्हाच्या दराने. यंदा नगरपालिकेला पाझर फुटला. या जुन्या रस्त्यावरची जी दुकानं, खानावळी, लॉज अगदी डबघाईला आलीत, त्यांची चारपैकी तीन हिस्से घरपट्टी माफ! अर्ज करा, आमचा माणूस येऊन पाहणी करेल.

अर्ज वहिनींनी भरला, खरा खरा. आत्याने नुसती सही केली, तीही मान दुसरीकडे वळवून, इंजेक्शन घेताना वळवतात तशी.

आणि आज पाकीट आलं होतं.

आत्या खाली आली तेव्हा वहिनी काउंटरवर कोपर टेकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून बसल्या होत्या. त्यांनी तोंडातल्या तोंडात एकदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं.

"'आपल्या आस्थापनेची बाहेरून पाहणी केली असता गच्चीवर सहा खोल्यांच्या चादरी वाळत असल्याचे, रात्री खोल्यांत दिवे असल्याचे व गॅलरीत पाहुण्यांची पादत्राणे असल्याचे सलग चार दिवस आढळून आले. व्यवसाय सुरळीत, किंबहुना जोमात चालू आहे. सबब सवलतीचा अर्ज नामंजूर.'"

वहिनींनी चष्मा काढला.

"किंबहुना जोमात," त्या म्हणाल्या. "अभिनंदन, वन्सं."

आत्या काउंटरसमोरच्या बाकावर बसली. तिचे हात ओले होते, ते तिने मांडीवर पुसले. मग पुन्हा पुसले.

"मला काय माहीत, तो चोरून बघणार होता ते! घंटी वाजवून आला असता तर..."

"तर तुम्ही त्याला सांगितलं असतं, की सगळ्या खोल्या भरल्यात, उद्या या."

हे इतकं खरं होतं, की आत्याला रागसुद्धा आला नाही.

"आता?"

"उद्या अकरा वाजता सुनावणी आहे. ज्यांची हरकत आहे त्यांनी स्वतः येऊन सांगायचं." वहिनींनी कागदाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. "नाही जमलं तर महिनाअखेर सगळी घरपट्टी भरायची. एक ट्रान्सपोर्टवाला गोडाऊनसाठी ही जागा मागतोय. त्याला द्यावी लागेल."

पुढचं आत्याला पाठ होतं. लॉज गेलं की वहिनी लेकाकडे, त्या एका खोलीत. आणि आत्याचं बघू.

"सुनावणी म्हणजे सगळ्यांसमोर?" आत्याने विचारलं.

"हॉल आहे, वन्सं. हॉलमध्ये माणसं असतातच."

"आपल्या रस्त्यावरची?"

"असतील."

"समोरचे मास्तर?"

वहिनींनी कागद पाकिटात घातला. समोरचे मास्तर म्हणजे टेलरमास्तर. त्यांचं दुकान लॉजच्या अगदी नाकासमोर. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत त्यांच्या मशिनची खडखड चालू असायची, जेवणाची वेळ सोडली तर अखंड. ती खडखड आत्याच्या छातीत वाजायची. जगात कपडे शिवून घेणारी इतकी माणसं आहेत आणि झोपणारं एकही नाही? खरं सांगायचं तर अर्ध्या चादरी ती मास्तरांसाठीच धुवायची. त्यांना दिसलं पाहिजे! शाळेत परीक्षेच्या दिवशी सगळ्या मुली 'माझा काहीच अभ्यास झाला नाही गं' म्हणतात ना, या रस्त्यावर त्याच्या बरोबर उलटं चालायचं. कुणी कसं चाललंय विचारलं, की "डोकं वर काढायला वेळ नाही!" असं म्हणायचं आणि डोकं वर काढून रिकाम्या रस्त्याकडे बघायचं.

"त्यांच्यासमोर मी कसं सांगू?" आत्या म्हणाली.

"तोंडाने," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या जिन्यावरून उतरली ती इस्त्रीची साडी नेसून, चकचकीत चपला घालून आणि केसांना नवी पिन लावून.

"दिवाळखोर दिसायला चाललोय, वन्सं," वहिनी म्हणाल्या, "लग्नाला नाही."

"म्हणून काय फाटक्या कपड्यांत जाऊ?"

"बरं, राहू द्या. चला." वहिनींच्या खांद्यावर एक फुगलेली कापडी पिशवी होती.

"हे काय घेतलंत?"

"घेतलंय काहीतरी. तुमच्या जिभेचा मला भरवसा नाही."

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आत्या दारातच थबकली. पहिल्याच रांगेत मास्तर! गळ्यात मोजपट्टी तशीच, घाईत काढायची विसरलेली. त्यांनी आत्याला पाहिलं आणि ते असे उठून उभे राहिले, की जणू चोरी करताना पकडलं गेलंय.

"आत्या! तुम्ही इकडे कुठे?"

"मी? मी आपली सहज. वहिनींना सोबत." आत्याने पटकन वहिनींकडे बोट दाखवलं. "तुम्ही?"

"माझं जरा जन्मदाखल्याचं काम होतं."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

"आत्ता? साठीत?"

"राहून गेलं होतं कामाच्या गडबडीत," मास्तर म्हणाले. "डोकं वर काढायला वेळ नाही ना."

मागच्या रांगेतून बेकरीकाकूंनी हात केला. जुन्या बसथांब्याशेजारची बेकरी त्यांची. काचेत तीन मजली केक, त्यावर साखरेची फुलं, शहरात असा केक दुसरा नाही. त्या म्हणे नळाच्या तक्रारीसाठी आल्या होत्या. एकूण, ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचा मेळावाच भरला होता, आणि दाराबाहेर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की आज या हॉलमध्ये फक्त आणि फक्त घरपट्टी सवलतीची सुनावणी आहे. ती पाटी सगळ्यांनी वाचली होती. सगळ्यांनी ती दुसऱ्या कुणीच वाचली नसेल असं धरलं होतं.

समोर टेबलामागे अधिकारी मॅडम बसल्या होत्या. बारीक केस, समोर फायलींचा ढीग, चेहऱ्यावर सर्दी. त्यांनी नाक पुसलं आणि हजेरी घ्यावी तशा म्हणाल्या,

"लॉज. सहा खोल्या. कोण आहे?"

झालं! सोबत आलेली आत्या आता कुठे लपणार? ती उभी राहिली. पाठीवर मास्तरांची नजर तिला उन्हासारखी जाणवली.

"तुमची हरकत काय आहे?"

"हरकत... म्हणजे..." आत्याने पदराचं टोक धरलं. "हरकत अशी काही नाही."

वहिनींनी डोळे मिटले.

"हरकत नाही तर मग आलात कशाला?" मॅडमनी फाईल उघडली. "पाहणीत लिहिलंय की सहा खोल्यांच्या चादरी रोज वाळत असतात. साधा प्रश्न विचारते. रोज सरासरी किती खोल्या भरलेल्या असतात?"

आणि आत्याच्या तोंडून, एकतीस वर्षांच्या सवयीने, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हसत हसत दिलेलं उत्तर बाहेर पडलं.

"सहाच्या सहा!"

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. मॅडमनी पेन उचललं.

"छान. म्हणजे अर्ज मागे घेताय असं लिहिते."

पेनचं टोक कागदाला टेकलं. आत्याला दिसलं ते फक्त तेवढंच, निळ्या शाईचा एक ठिपका, आणि त्या ठिपक्यातून तिला एकदम काय काय दिसलं! लेकाच्या शहराला जाणारी गाडी, खिडकीत वहिनी, वहिनींच्या मांडीवर डबा. आणि फलाटावर ती स्वतः, हातात बॅग, कुठल्या गाडीत चढायचं ते माहीत नाही.

"नाही!" ती म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने. "लिहू नका. एकही नाही."

"काय एकही नाही?"

"खोली. एकही भरत नाही. सात महिने झाले. शेवटचा आला होता तो वजनकाटे तपासणारा एक माणूस होता. तीन नंबरच्या खोलीत एक रात्र राहिला. सकाळी जाताना म्हणाला, फार शांत जागा आहे तुमची. मी म्हटलं, हो ना, पाहुणे फार सभ्य येतात आमच्याकडे." आत्याचा आवाज अडखळला, पण थांबला नाही. एकदा घसरगुंडीवर बसलं की मधे थांबता येतं का? "त्याच्यानंतर कुणी नाही. चादरी मीच धुते. स्वच्छ चादरी. दिवे मीच लावते. बूट माझ्या भावाचे आहेत, तो आठ वर्षांपूर्वी गेला. रिकामं आहे लॉज, मॅडम. मला ते म्हणता येत नव्हतं. आता म्हटलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं नव्हतं.

"अहो, एका मिनिटापूर्वी सहाच्या सहा म्हणालात. आता एकही नाही म्हणता. मी कुठलं धरू? इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो, आमचं काही चालत नाही. पुरावा काय? न झोपलेल्या चादरीचा पुरावा असतो का?"

"असतो," वहिनी म्हणाल्या.

त्या उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि कापडी पिशवी उलटी केली. एक चादर बाहेर आली. लॉजची, चार नंबरच्या खोलीतली, कडेला निळी रेघ असलेली.

"मला ठाऊक होतं, ऐन वेळी यांची जीभ लॉजची बाजू घेणार," वहिनी म्हणाल्या. "ही बघा, मॅडम."

"काय बघू? चादर आहे."

"मी सांगू का?"

हे मास्तर होते. ते पुढे आले ते थेट चादरीकडे बघत, बाकी कुणाकडे न बघता. कापड दिसलं की मास्तरांना माणसं दिसत नाहीत, हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. त्यांनी चादर दोन्ही हातांत घेतली, चिमटीत धरली, अंगठ्याने चोळली.

"झोपलेली चादर मधे विरते," ते म्हणाले. "कमरेखाली आणि टाचांपाशी. लॉजच्या चादरी मी कित्येक वर्षं मधे कापून, कडा आत घेऊन जोडून दिल्यात यांना. हिचा मधला भाग बघा. नवा आहे! एक धागा हललेला नाही. आणि आता हे बघा." त्यांनी चादर खिडकीसमोर धरली. बरोबर मध्यावरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ रेषेत उजेड आरपार येत होता. "दोरीवर रोज एकाच घडीवर टाकली, की ऊन सगळं त्या घडीला लागतं. कापड तिथे जळतं. ही चादर दोरीवर मेलीय, मॅडम. गादीवर नाही."

मॅडमनी हात पुढे करून चादर घेतली, स्वतः खिडकीपाशी जाऊन पाहिली. रेषेवरून बोट फिरवलं.

मास्तर अजून तिथेच उभे होते. त्यांनी गळ्यातली मोजपट्टी काढली आणि बोटांभोवती गुंडाळायला लागले.

"आत्या," ते म्हणाले, "खरंच कुणी नसतं?"

"खरंच."

"आणि मी..." त्यांनी घसा खाकरला. "मी रोज सकाळी खिडकीतून मोजायचो. सहा चादरी. म्हणायचो, बघ, माणसं येतायत या रस्त्यावर. समोर झोपतायत. आज ना उद्या एखाद्याची बटणं तुटतील, एखाद्याची पँट उसवेल. त्या चादरींच्या जोरावर मी दुकान उघडत होतो."

"पण तुमचं मशीन तर दिवसभर..."

"एकच कापड आहे. शिवण घालतो, उसवतो. पुन्हा घालतो." मास्तर हसले, पण डोळ्यांनी साथ दिली नाही. "उसवताना शटर अर्धं खाली ओढतो. उसवण्याचा आवाज येत नाही ना, म्हणून लोकांना वाटतं की जेवायला गेलेत."

आत्या आ वासून बघत राहिली. दोन वर्षं! दोन वर्षं ती त्या खडखडीला घाबरून चादरी धुत होती, आणि तो माणूस त्या चादरींच्या भरवशावर मशीन चालवत होता. म्हणजे धंदा दोघांचाही एकच होता, एकमेकांना फसवायचा! तिला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. आणि ते आवरेना.

"जन्मदाखला!" ती कशीबशी म्हणाली. "साठीत!"

मास्तरही हसायला लागले. वहिनी हसल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून बेकरीकाकू ताडकन उठल्या.

"आता लपवून काय उपयोग! काचेतला तो केक पुठ्ठ्याचा आहे. दीड वर्षापूर्वीचा. वरून साखर लावलीय, पण त्याला आता मुंग्यासुद्धा विचारत नाहीत."

"तो केक?" अधिकारी मॅडम खिडकीपाशी तशाच वळल्या. "तीन मजली? अहो, मी मुलीच्या वाढदिवसाला तो मागवणार होते!"

"खरा करून देते, मॅडम! आजच सांगा!"

हॉलमध्ये असा गलका उठला, की शेजारच्या खोलीतून दोघे कारकून डोकावून गेले. प्रत्येकाला आता आपलं सांगायचं होतं. मॅडमनी टेबलावर डस्टर आपटावं तशी फाईल आपटली. मग बराच वेळ नाक पुसलं, नुसत्या सर्दीसाठी पुसतात त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

"चौदा वर्षं मी या टेबलावर आहे," त्या म्हणाल्या. "लोक इथे गरिबीचं नाटक करायला येतात. मला ते बरोबर ओळखता येतं. भरभराटीचं नाटक करून स्वतःच अडकलेला अख्खा रस्ता मी पहिल्यांदा बघतेय." त्या बसल्या, पेन उचललं. "लॉज. दोन शेजाऱ्यांची लेखी साक्ष लागेल, की गिऱ्हाईक नाही."

"मी देतो," मास्तर म्हणाले.

"मी!" बेकरीकाकू.

दोघांनी सह्या केल्या. मग आत्याने मास्तरांसाठी सही केली, वहिनींनी बेकरीकाकूंसाठी. दोन वर्षं ज्यांच्यापासून लपवलं त्यांच्याच हाताने ते कागदावर आलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. मॅडमनी अर्जाच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिला आणि त्यावर शिक्का मारला. थप्प! आत्याने मान वाकडी करून उलट्या बाजूने तो वाचला. मंजूर.

"एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून ज्या चादरीवर माणूस झोपेल तेवढीच धुवायची."

"मग आहे तो साबण आम्हाला जन्मभर पुरेल," वहिनी म्हणाल्या.

परत येताना चौघं रस्त्याच्या मधून चालत होते, कारण वाहनं नव्हतीच. मास्तर आणि बेकरीकाकू पुढे, कोण जास्त खोटं बोललं यावर वाद घालत. वहिनी मागे राहिल्या, त्यांनी फोन काढला.

"हां, मी बोलतेय. नाही, रविवार नाहीये, माहीत आहे मला. हे बघ, ती खोली तू भाड्याने दे. नाही येत मी. ... हो, माफ झाली, तीन हिस्से. ... अरे, गिऱ्हाईक नाही म्हणूनच तर माफ झाली, येडा की काय! ... आत्याचं? आत्याचं बघू म्हणत होतास ना तू? बघितलं आम्ही. तू जेव वेळेवर."

फोन पिशवीत टाकून त्या आत्याच्या बरोबरीने चालायला लागल्या. त्यांची ती पिशवी आत्याने त्यांच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर घेतली, आणि वहिनींनी चक्क घेऊ दिली.

दुपारी दोघींना कळेना, की आता करायचं काय! घालायच्या चादरी नव्हत्या, लावायचे दिवे नव्हते. शेवटी आत्याने आतला बाक ओढत ओढत बाहेर आणला आणि दारासमोर, भर रस्त्यावर मांडला. तिथे बसून चहा प्यायची तिची गेल्या दोन वर्षांत हिंमत झाली नव्हती. मालकीण दारात मोकळी बसलेली दिसली तर लोक काय म्हणतील? आज ती बसली. पाय लांब केले. वहिनी दोन कप घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"घरपट्टी माफ झाली म्हणजे पाहुणे येणार असं नाही हं, वन्सं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज."

"मी भरीन."

"सही मान वळवून नाही करायची."

"नाही करणार. झालं?"

वहिनींनी "हं" केलं. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा पडला होता. एक कुत्रं अगदी मधोमध आडवं झालं होतं, त्याला उठवणारं कुणी नव्हतं. समोरचं मशीन बंद होतं, आणि ते बंद असताना लांबचं काय काय ऐकू येतं हे आत्याला आज कळत होतं: कुठलीशी बादली, कुणाचा तरी रेडिओ, नव्या रस्त्यावरच्या बसचा भोंगा.

ती काहीतरी सांगायला वळली तर डाव्या खांद्यावर एकदम वजन आलं. वहिनींना झोप लागली होती. बसल्या बसल्या, चष्म्यासकट, तोंड जरासं उघडं. टोमणे मारणारं ते तोंड असं गप्प आत्याने एकतीस वर्षांत फारसं पाहिलं नव्हतं. ती ताठ बसून राहिली.

समोर मास्तर शटर वर ढकलायला लागले. "आत्या!" ते तिथूनच ओरडले, "अहो, ऐकलंत का..."

आत्याने ओठांवर बोट ठेवलं.

मास्तर थांबले. त्यांनी मान डोलावली आणि आवाज होऊ नये म्हणून शटर आहे तिथेच, अर्ध्यावर, हाताने धरून ठेवलं.

आत्याच्या डाव्या हातात चहाचा कप होता. त्यावर साय धरली, ती सुरकुतली, चहा पार थंड झाला. कप तोंडाशी न्यायचा तर तो खांदा हलवावा लागला असता. तिने तो हलवला नाही.